औषध सुरू करणे, मोजणे आणि थांबवणे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवतीची असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे वगळली आहेत. उत्तरे देणाऱ्या डॉक्टर मुंबईत मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि मानसिक आजार व स्मृतिभ्रंश यांवरील औषधांच्या अभ्यासात त्यांची तीसहून अधिक वर्षे गेली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी एमडी मनोविकारशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. औषधांच्या संशोधनाकडे वळावे असे मनापासून वाटते, पण घरच्यांचे म्हणणे असे की ठाण्यात किंवा बोरिवलीत दवाखाना टाकावा, संशोधन हे परदेशात जाणाऱ्यांचे काम आहे. या वाटेने गेल्यास आयुष्यभर प्रत्यक्षात काय करावे लागते, आणि मुंबईत राहून ते करता येते का? – एक निवासी डॉक्टर, डोंबिवली

उत्तर : संशोधन हे परदेशात जाणाऱ्यांचे काम, हा समज निदान मुंबईत तरी टिकायला नको होता. १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळांचा उपयोग उच्च रक्तदाब आणि वेडाचे झटके या दोन्हींत होतो असे लिहून ठेवले होते. पण ती नोंद बाहेर फारशी कोणी मनावर घेतली नाही. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी हीच वनस्पती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या, त्या १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आल्या, आणि तेव्हा कुठे जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळांतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि १९५४ साली न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. १९५७ चे लास्कर पारितोषिक, म्हणजे वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला मोठा सन्मान, ज्यांना मिळाला त्यांत क्लाइन होते, क्लोरप्रोमाझिन हे पहिले मोठे मनोविकारविरोधी औषध रुग्णांपर्यंत पोहोचवणारे लाबोरी, डेनिकर आणि लेमन होते, आणि त्यांच्याच पंक्तीला डॉ. वकीलही होते.

रिसर्पिन आज मनोविकारांसाठी वापरले जात नाही. पण रिसर्पिन दिल्यामुळे निपचित पडलेले ससे एल-डोपा (शरीरात ज्याचे डोपामिन बनते ते द्रव्य) टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, हे स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली दाखवले, आणि मेंदूतल्या डोपामिन या निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाचे महत्त्व त्यातून कळत गेले. कंपवाताचे औषध त्यातूनच आले, आणि स्किझोफ्रेनियाची औषधे मेंदूत काय करतात हेही त्यातूनच उमगले. हे तुम्हाला सविस्तर सांगण्याचे कारण असे की या साखळीतली मुंबईची कडी कुठल्याही महागड्या यंत्राने घडलेली नाही. रुग्णाला औषध दिले, त्याचे पुढे काय झाले ते नीट लिहिले आणि ते लोकांपुढे ठेवले, एवढ्यावर ती घडली.

आता माझ्याविषयी विचारले आहे म्हणून सांगते. निवासी डॉक्टर असताना माझ्याकडून एक चूक झाली आणि मी या वाटेला लागले. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात विशीतली एक मुलगी दाखल होती. तिला भास होत, म्हणून हॅलोपेरिडॉल सुरू केले होते. चार-पाच दिवसांनी ती वॉर्डात सतत येरझारा घालू लागली, जेवायला बसली तरी दोन घासांत उठे. आजार वाढला असे समजून मी मात्रा वाढवली, आणि तिची तगमग दुप्पट झाली. तिची आई, जी शाळेची पायरीही चढलेली नव्हती, मला म्हणाली, “बाई, ही येडी म्हणून फिरत नाय, हिला बसवतच नाय.” तोच अकाथिसिया होता, म्हणजे औषधानेच आलेली अस्वस्थता. माझ्या वरिष्ठांनी मात्रा कमी केली आणि काही दिवसांत ती मुलगी खाटेवर बसून आईकडून वेणी घालून घेत होती. औषधाने झालेला त्रास मी आजार समजले होते आणि त्यावर तेच औषध आणखी दिले होते. ही गोष्ट मी पुढे प्रत्येक तुकडीला सांगत आले.

त्यानंतरची माझी बरीच वर्षे औषधांचे परिणाम मोजण्यात गेली, आणि हे मोजणे फार साध्या गोष्टींचे बनलेले असते. दीर्घकाळ मनोविकारविरोधी औषधे घेणाऱ्यांच्या जिभेच्या, ओठांच्या, बोटांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली तपासण्याची एक पद्धत आहे. रुग्णाला हात नसलेल्या कडक खुर्चीवर बसवायचे, पायांतल्या चपला काढायला सांगायच्या म्हणजे पायांची बोटे दिसतात, हात गुडघ्यांवर ठेवायला लावायचे, तोंड दोनदा उघडायला सांगायचे, मग अंगठ्यावर एकेक बोट भराभर टेकवायला लावायचे; त्याचे लक्ष बोटांकडे गेले की चेहऱ्यावरची लपलेली हालचाल उघडी पडते. तोंडात काही आहे का, कवळी दुखते का, हे आधी विचारायचे असते. आमच्या ओपीडीत तर पहिले वाक्यच “तंबाखू, सुपारी थुंकून, चूळ भरून या” असे असायचे, नाहीतर चघळण्याला आपण आजार म्हणून गुण देऊन बसतो. प्रत्येक हालचालीला शून्य ते चार यांतला आकडा द्यायचा, आणि तेच तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, त्याच काळजीने पुन्हा करायचे.

या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामातून केवढे मोठे उत्तर निघू शकते याचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. डॉ. दिलीप जेस्ते पुण्यात एमबीबीएस झाले, मुंबईत मनोविकारशास्त्र शिकले, सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेले आणि पुढे सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले. २०१२-१३ मध्ये ते अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष होते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या २६६ रुग्णांवर त्यांच्या गटाने केलेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्या काळची जुनी औषधे घेणाऱ्या या रुग्णांमध्ये अशा हालचालींचा विकार, ज्याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात, एका वर्षात २६ टक्के, दोन वर्षांत ५२ टक्के आणि तीन वर्षांत ६० टक्के इतका आढळला. तरुण रुग्णांत हेच प्रमाण वर्षाला साधारण ४ ते ५ टक्के असते. म्हणजे आजोबांना नातवाची मात्रा देऊ नये ही बाब तोवर अनुभवी डॉक्टरांच्या अंदाजावर होती, ती या आकड्यांनी पक्की केली. वृद्धांना अत्यंत कमी मात्रेने सुरुवात करणे, ती सावकाश वाढवणे आणि गरज संपताच कमी करणे यामागे अशाच कामाचा आधार आहे.

मुंबईत राहूनच नीट होईल असे काम कोणते, असे विचाराल तर मी भाषेचे नाव घेईन. स्मृतिभ्रंशाच्या चाचण्यांत वापरली जाणारी तीस गुणांची प्रश्नावली अमेरिकेत १९७५ साली तयार झाली. तिच्यात इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग उलटे सांगायचे असते, एक वाक्य लिहायचे असते, आकृती काढायची असते. लालबागच्या गिरणीत चाळीस वर्षे साचा चालवलेल्या आणि अंगठा उठवणाऱ्या आजोबांना हे विचारले, तर त्यांचे गुण शाळेअभावी कमी येतात की आजाराने, हे कोण सांगणार? निरक्षरांसाठी हिंदीत अशी प्रश्नावली नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागात काम करून तयार झाली, आणि ती करणाऱ्यांनी गावातल्या माणसाला काय ठाऊक असते याचा बारकाईने विचार केला. मराठीत, त्यातही मालवणी, आगरी, वऱ्हाडी बोलणाऱ्यांसाठी, या कामाला अजून भरपूर जागा आहे. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासातून पुढे आला आहे. त्यांच्यावर औषधांचा परिणाम मोजायचा तर आधी मोजपट्टी त्यांच्या भाषेत असायला हवी.

दवाखाना टाकलात तरी संशोधन सुटत नाही, एवढे घरच्यांना सांगा. पण सुरुवात मात्र प्रबंधापासून करा: विषय छोटा घ्या, प्रश्न एकच ठेवा, संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडे माहिती गोळा करण्याआधी जा, आणि उत्तर ‘फरक पडला नाही’ असे आले तरी ते जसेच्या तसे छापा. माझ्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष तसे आले होते. ते लिहिताना मनाला लागले, हे मी लपवणार नाही. पण ते छापले नसते तर आणखी किती रुग्णांना ती निरुपयोगी गोळी मिळाली असती, याचा विचार केला की ते लेख मला माझ्या इतर लेखांहून जवळचे वाटतात.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, वय ३४, सध्या बराच स्थिर आहे. रुग्णालयात एका नव्या औषधाच्या चाचणीत त्याला घेऊ का, असे विचारले आहे. आई म्हणते, “माझ्या पोरावर प्रयोग नकोत.” आम्ही काय विचारून निर्णय घ्यावा? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुमच्या आईंची भीती मी अजिबात खोटी ठरवणार नाही. मनोरुग्णांवर त्यांना न विचारता प्रयोग झाल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात आहेत आणि आजचे नियम त्यातूनच आले. आपल्याकडे २०१९ चे नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम लागू आहेत. नीतिसमितीची मंजुरी, सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक, तुमच्या भाषेतले संमतीपत्र आणि त्याची एक प्रत तुमच्या हातात, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई, आणि कारण न देता केव्हाही बाहेर पडण्याची मुभा, हे सगळे तुमचे हक्क आहेत. अगदी नव्या द्रव्याची चाचणी असेल आणि भाग घेणारा असुरक्षित गटातला असेल, तर संमती घेताना दृक्‌श्राव्य चित्रणही करावे लागते.

पण तुमच्या बाबतीत खरा कळीचा प्रश्न एकच आहे: भावाची सध्याची औषधे बंद करणार का? तो स्थिर आहे, असे तुम्ही लिहिले आहे. स्थिर रुग्णांच्या ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. औषध चालू राहिलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला, आणि औषधाऐवजी बिनऔषधाची गोळी मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. चालू औषध तसेच ठेवून नवे औषध जोडणार असतील, किंवा नव्याची तुलना जुन्या प्रभावी औषधाशी असेल, तर विचार करायला हरकत नाही. चांगले चाललेले औषध काढून बिनऔषधाच्या गोळीची शक्यता असेल, तर मी माझ्या भावाच्या बाबतीत नाही म्हणाले असते. आणि हे सगळे भावाशी बोला. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला समजत नाही असे गृहीत धरू नये, तो स्थिर असताना संमती द्यायची की नाही हे ठरवणारा तोच आहे.

प्रश्न : मॅडम, माझी आई ८१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचे निदान झाले. आठ महिने डोनेपेझिल चालू आहे, पण आठवण काही परत आली नाही. त्यात दिवेलागणीला ती आरडाओरडा करते, अंगावर येते, म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी शांत राहण्यासाठी रिस्पेरिडोन दिले, तेही वर्षभर चालू आहे. आता अमेरिकेतून आलेल्या नव्या इंजेक्शनांबद्दल ऐकतो. भावाचे म्हणणे, एफडी मोडू. मी आणि वहिनी रात्र-रात्र जागतो. इतक्या संशोधनाचा आईला उपयोग काय? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी या क्षेत्रात असल्यापासून ऐकत आले आहे, आणि तो विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

अल्झायमरमध्ये असेटिलकोलीन हे रसायन बनवणाऱ्या पेशी झडतात, हे १९७६ च्या सुमारास स्पष्ट झाले. उरलेले रसायन लवकर नष्ट होऊ नये, एवढेच डोनेपेझिल करते. पेशींचे झडणे ते थांबवत नाही. त्यामुळे गेलेली आठवण परत येईल अशी आशा कोणी दाखवली असेल तर ती चूक होती. सत्तर गुणांच्या स्मृतिपरीक्षेत सहा महिन्यांनंतर औषध घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत सरासरी अडीच-तीन गुणांचा फरक दिसतो. फरक छोटा आहे, पण खोटा नाही. मध्यम ते तीव्र आजार असलेल्या २९५ रुग्णांवरील इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या चाचणीत, जी २०१२ साली प्रसिद्ध झाली, औषध चालू ठेवलेल्यांचे तीस गुणांच्या परीक्षेतले गुण थांबवलेल्यांपेक्षा सरासरी १.९ ने जास्त राहिले. घरात याचा अर्थ कदाचित इतकाच असतो की आई आणखी काही महिने स्वतःच्या हाताने जेवते, किंवा संडास कोणत्या बाजूला ते तिला सापडते. म्हणून ‘आठवण आली का’ असे न विचारता ‘आठ महिन्यांपूर्वी जे करत होती त्यातले आज काय करते’ असे विचारा. मळमळ, वजन घटणे, नाडी मंदावणे किंवा चक्कर हे त्रास असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा. रात्री भयंकर स्वप्ने पडत असतील तर गोळी सकाळी देता येईल का, तेही विचारा.

रिस्पेरिडोन या मनोविकारविरोधी औषधाबद्दल मात्र मला काळजी वाटते. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना अशी औषधे दिल्यास मृत्यूचा धोका बिनऔषधाच्या गोळीच्या तुलनेत सुमारे १.६ ते १.७ पट होतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. इंग्लंडमध्ये अशी औषधे घेत असलेल्या १६५ अल्झायमर रुग्णांपैकी निम्म्यांची औषधे चालू ठेवली आणि निम्म्यांची बंद केली; दोन वर्षांनी पहिल्या गटातले ४६ टक्के जिवंत होते आणि दुसऱ्यातले ७१ टक्के. हे वाचून आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा होईल अशी अवस्था असते तेव्हा थोड्या काळापुरते हे औषध लागते, आणि ते मीही दिले आहे. पण ते सुरू करतानाच त्याची थांबवण्याची तारीख केसपेपरवर लिहिलेली असावी लागते, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत ती तारीख कोणी लिहिलेली दिसत नाही. येत्या आठवड्यात डॉक्टरांना भेटून मात्रा हळूहळू कमी करण्याबद्दल विचारा.

मग ओरडण्याचे काय? आधी दुखणे शोधा. गुडघे, दात, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ. आजार वाढलेल्या माणसाला ‘दुखते’ हा शब्द सापडत नाही, तो हात झटकतो. नॉर्वेमधल्या १८ वृद्धाश्रमांतील ३५२ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०११ साली प्रसिद्ध झाला, ठरावीक पद्धतीने वेदनेवर उपचार केले, बऱ्याच जणांना तर फक्त पॅरासिटामॉल दिले, आणि आठ आठवड्यांत त्यांची अस्वस्थता लक्षणीय कमी झाली.

मग खोलीकडे पाहा. लालबागच्या एका चाळीत अशाच एका आजींना पाहायला मी संध्याकाळी मुद्दाम घरी गेले होते, कारण ओपीडीत त्या सकाळी येत आणि शांत असत. सहाच्या सुमारास दिवा लागला आणि त्या ओरडू लागल्या, “त्या बाईला आधी घालवा.” समोरच्या लोखंडी कपाटाच्या आरशात त्यांना स्वतःचीच आकृती दिसत होती आणि ती त्यांना ओळखू येत नव्हती. सुनेने आरशावर जुने लुगडे टाकले. त्या रात्री आजी जेवल्या आणि झोपल्या. सगळीकडे इतके सोपे नसते, पण कारण शोधण्यापूर्वी गोळी दिली की ते कारण कायमचे झाकले जाते.

एफडी मोडू नका. त्या नव्या इंजेक्शनांपैकी लेकानेमॅबला २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. १,७९५ रुग्णांवरच्या चाचणीत दीड वर्षानंतर अठरा गुणांच्या मोजपट्टीवर फरक ०.४५ गुणांचा होता, आणि इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूला सूज आल्याचे एमआरआयमध्ये दिसले. ही इंजेक्शने अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठी आहेत. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून आईंचा आजार त्यापुढे गेलेला दिसतो. मी या संशोधनाकडे मोठ्या आशेने पाहते, कारण आजाराच्या मुळाशी हात घालणारी ही पहिली औषधे आहेत, पण तुमच्या घरातले ते पैसे आज रात्रीपाळीला एखादी मदतनीस बाई ठेवण्यासाठी खर्च केलेत तर आईंना आणि तुम्हा दोघींना त्याचा जास्त उपयोग होईल.

आणि एक शंभर पानी वही घ्या. ओरडणे किती वाजता सुरू झाले, त्याआधी काय झाले होते, जेवण, शौच, झोप आणि कोणती गोळी कधी दिली, हे तुम्ही आणि वहिनी रोज चार ओळींत लिहा. पंधरा दिवसांची वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना म्हणा की औषध कमी केल्यावरही आम्ही असेच लिहीत राहू.